काच तीच, फ्रेम दुसरी

गेल्या श्रावणात एका संध्याकाळी माझ्या चष्म्याची डावी काडी बिजागरीसकट निखळून हातात आली. फ्रेम शेलची, म्हणजे प्लॅस्टिकची होती आणि बिजागरी ज्या भागात रुतवलेली असते तो भागच तुटला होता, त्यामुळे स्क्रू बदलून भागण्यासारखे नव्हते. दोन्ही काचा मात्र शाबूत होत्या; त्यांवर एक ओरखडाही नव्हता. माझा नंबर दोन्ही डोळ्यांना उणे साडेसहा आहे, आणि डाव्या डोळ्याला त्याशिवाय दीड सिलिंडर, म्हणजे एका ठरावीक दिशेतला जादा नंबर, आहे. काच कडेला फार जाड दिसू नये म्हणून वर्षभरापूर्वीच मी १.६७ इंडेक्सच्या काचा करून घेतल्या होत्या. फ्रेमला नऊशे रुपये पडले होते आणि काचांना साडेचार हजार. नऊशे रुपयांची वस्तू मोडली म्हणून साडेचार हजारांची वस्तू फेकून द्यायची, हे माझ्या मनाला पटेना.

मी बेळगावच्या शहापूर भागात राहते आणि कन्नड कागदपत्रांचे मराठी भाषांतर करून देते. जमिनीचा उतारा, पंचायतीची नोटीस, बँकेचा करारनामा असे कागद आमच्याकडे कन्नडमधून येतात, आणि मराठी शाळेत शिकलेल्या घरांतील माणसांना सही करण्यापूर्वी ते आपल्या भाषेत वाचून समजून घ्यायचे असतात. त्यामुळे दिवसाचे सात-आठ तास बारीक अक्षरांत जातात. चष्म्याविना मला साधारण १५ सेंटिमीटरपर्यंतच स्पष्ट दिसते, कारण १०० ला साडेसहाने भागले की तेवढेच अंतर उरते. चष्मा मोडल्यावरचा तो कागद मी अक्षरशः नाकाजवळ धरून पूर्ण केला आणि मान दुसऱ्या दिवशीही दुखत होती.

कपाटात माझा एक जुना चष्मा होता. सहा वर्षांपूर्वीचा, उणे साडेपाचाचा. त्याची फ्रेम अर्धी, म्हणजे वरून धातूची आणि खालून दोऱ्याने काच धरणारी, ज्याला दुकानात सुप्रा म्हणतात तशी होती आणि तो दोरा केव्हाच तुटला होता. घरापासून जवळच्या एका दुकानात मी त्या काचा घेऊन गेले आणि नवी साधी पूर्ण फ्रेम निवडून त्यात त्या बसवून मागितल्या. अर्ध्या तासात काम झाले. काचा फ्रेममध्ये इतक्या नेटक्या बसल्या होत्या, की कुठे फट नाही, हलणे नाही, आणि मी समाधानाने घरी आले.

तिसऱ्या दिवशी डोके धरले. भुवईच्या वर डाव्या बाजूला सतत ठणका लागे. वाचताना ब आणि व यांच्यातील पोटातली रेघ दिसेनाशी होई आणि कन्नडमधील ओत्तक्षरे, म्हणजे अक्षराच्या खाली लटकणारी ती छोटी जोडाक्षरे, शाईच्या ठिपक्यासारखी वाटू लागली. ज्या कामात एका ओत्तक्षराने माणसाचे आडनाव बदलते, त्या कामात हे चालण्यासारखे नव्हते. दुकानात परत गेले तेव्हा ‘नंबर जुना आहे, त्रास होणारच’ असे उत्तर मिळाले. ते खरे वाटण्याजोगे होते आणि मी ते मानलेही होते. परंतु नंबर कमी असेल तर लांबचे पुसट दिसेल. जवळचे अक्षर एकाच डोळ्याला पुसट का दिसावे, याचा उलगडा त्यातून होत नव्हता.

उलगडा झाला तो शहापुरातल्याच एका गल्लीत, जिथे एक वयस्कर काका अजूनही हाताने काच घासून बसवतात. कन्नडमध्ये चष्म्याला कन्नडक म्हणतात आणि काकांच्या बोलण्यात चष्मा, कन्नडक आणि इंग्रजी शब्द एकाच वाक्यात सुखाने नांदतात. त्यांनी माझ्या तक्रारीवर काहीच मत दिले नाही. चष्मा घेतला, लेन्सोमीटर नावाच्या त्यांच्या जुन्या यंत्राखाली धरला, हिरव्या रेघा स्पष्ट होईपर्यंत चाक फिरवले आणि काचेवर एका ओळीत शाईचे तीन ठिपके उमटवले. मधला ठिपका म्हणजे काचेचा प्रकाशीय मध्य. मग दुसरी काच. दोन्ही काचांवर ठिपके पडल्यावर त्यांनी चष्मा माझ्यासमोर टेबलावर उभा धरला, आणि मला यंत्राशिवाय दिसले की उजव्या काचेवरचे तीन ठिपके आडव्या रेषेत आहेत, तर डाव्या काचेवरचे तिरके आहेत आणि त्यांचा मधला ठिपका उजव्यापेक्षा खाली आहे. काकांनी पट्टी लावली. दोन मिलिमीटर खाली, आणि दहा अंश फिरलेली.

“अक्का, काच फ्रेममध्ये बरोबर बसलीय,” ते म्हणाले, “पण डोळ्यासमोर बसली नाही बघा.”

त्या दिवसापासून मी या विषयाकडे नीट लक्ष देऊ लागले, आणि जे समजले ते इथे सविस्तर लिहीत आहे, कारण माझ्यासारख्या अनेकांच्या कपाटांत चांगल्या काचा मोडक्या फ्रेममध्ये पडून असतात.

नंबरच्या प्रत्येक काचेत एक बिंदू असा असतो की जिथून प्रकाश न वळता सरळ जातो. बाकी सर्व ठिकाणी काच प्रकाशाला वळवते, आणि मध्यापासून जितके दूर जावे तितके जास्त वळवते. हा बिंदू बुबुळासमोर आला पाहिजे. तो सरकला की काच त्या डोळ्यापुरती लोलकासारखी, म्हणजे प्रकाश एका बाजूला वळवणाऱ्या तिकोनी काचेसारखी, वागू लागते. किती, याचा हिशेब सोपा आहे आणि चष्मेवाले तो प्रेंटिसच्या नियमाने करतात: मध्य किती सेंटिमीटर सरकला, त्याला नंबराने गुणायचे. माझी डावी काच दोन मिलिमीटर, म्हणजे ०.२ सेंटिमीटर सरकली होती. सिलिंडर बाजूला ठेवून साडेपाचाने गुणल्यावर १.१ इतका लोलक तयार होतो, आणि तोही फक्त एका डोळ्यासमोर, वर-खाली दिशेने. आडव्या दिशेत डोळे थोडेफार आत वळून जुळवून घेतात, कारण जवळचे पाहताना ती त्यांची रोजची हालचाल आहे. मात्र एक डोळा वर आणि दुसरा खाली, अशी सवय त्यांना नसते, आणि म्हणून उभ्या दिशेतली लहानशी चूकही डोके उठवते.

दुसरी चूक सिलिंडरची. ज्यांच्या नंबरात सिलिंडर आहे, त्यांच्या काचेला दिशा असते. त्या दिशेला अक्ष म्हणतात आणि तो अंशांत लिहिलेला असतो. माझा १७० आहे. काच दहा अंश फिरली की सिलिंडरचा सुमारे एक तृतीयांश भाग चुकीचा होऊन डोळ्यासमोर उरतो, म्हणजे माझ्या दीडपैकी जवळजवळ अर्धा नंबर. तीच काच तीस अंश फिरली असती तर पूर्ण दीड नंबराची चूक उरली असती, आणि मग सिलिंडर नसलेली काच घालणे परवडले असते. उजव्या डोळ्याला सिलिंडर नसल्यामुळे ती काच कशीही फिरवली तरी चालते, आणि बिघाड फक्त डाव्या डोळ्यात का होता हेही यातून समजले.

हे घरीही तपासता येते. काच हातभर लांब धरून तिच्यातून खिडकीचा एक उभा गज पाहावा. गजाचा काचेतून दिसणारा तुकडा बाहेरच्या गजाला जोडून सरळ दिसला, तर मध्य त्या रेषेत आहे. तो बाजूला तुटलेला दिसला, तर मध्य दुसरीकडे आहे. तसेच आडव्या गजावर करावे; दोन्ही रेषा जिथे अखंड दिसतील तिथे बोट ठेवावे, मध्य तोच. आता काच जागच्या जागी घड्याळाच्या काट्यासारखी फिरवावी. सिलिंडर असेल तर काचेतला गज वाकडा होऊ लागतो. सिलिंडर नसेल तर काच कितीही फिरवा, गज सरळच राहतो. आमच्या माडीच्या खिडकीसमोर उभी राहून मी घरातल्या सात चष्म्यांवर हा प्रयोग केला आहे.

मोडलेल्या फ्रेमच्या काचांचे, म्हणजे त्या साडेचार हजारांच्या काचांचे, काय करायचे हा मुख्य प्रश्न उरलाच होता. काकांनी मला समोर बसवले, नाकावर आडवी पट्टी धरली, आधी मला त्यांच्या एका डोळ्याकडे आणि मग दुसऱ्याकडे पाहायला सांगितले आणि दोन बुबुळांमधले अंतर मोजले: ६० मिलिमीटर. याला पीडी म्हणतात, आणि मोठ्या माणसांत ते साधारण ६३च्या आसपास असते. मग त्यांनी मोडलेल्या जुन्या फ्रेमच्या काडीच्या आतल्या बाजूचा आकडा वाचून दाखवला. तिथे ५२, मग एक छोटा चौकोन, मग १६ आणि शेवटी १३५ असे छापलेले होते. ५२ ही एका काचेची रुंदी, १६ ही नाकावरच्या पुलाची आणि १३५ ही काडीची लांबी, सगळे मिलिमीटरमध्ये. पंचवीस वर्षे चष्मा लावूनही मी हा आकडा कधी वाचला नव्हता.

आता हिशेब पाहा. नाकाच्या मध्यापासून माझे बुबुळ ३० वर आहे. जुन्या फ्रेममध्ये पुलाचे अर्धे ८, म्हणून काचेच्या नाकाकडच्या कडेपासून मध्य २२ वर आणि कानाकडे उरलेले ३०. आधी चुकलेल्या त्या नव्या फ्रेमवर ४८ आणि १८ असे आकडे होते. पुलाचे अर्धे ९, म्हणून नाकाकडे २१ हवे आणि कानाकडे २७. म्हणजे काच नाकाकडून एक मिलिमीटर आणि कानाकडून तीन मिलिमीटर घासायची. दोन्ही बाजूंनी सारखे दोन-दोन घासले असते, तर काच फ्रेममध्ये तितकीच नेटकी बसली असती, पण मध्य प्रत्येक डोळ्यासमोर एक मिलिमीटर आत सरकला असता. काच बसवणाऱ्याने आकार जुळवायचा की मध्य जुळवायचा, यात सगळे आले. उंचीचेही तसेच: जुनी काच ३६ उंच, नवी फ्रेम ३२, म्हणून जागा होती.

काकांनी नव्या फ्रेममधून साडेपाचाच्या काचा काढल्या, फ्रेमसोबत आलेली डमी काच माझ्याकडून मागून घेतली, ती साडेसहाच्या काचेवर ठिपक्यांच्या हिशेबाने ठेवली आणि बारीक पेनाने तिच्याभोवती रेघ मारली. मग पाण्याच्या धारेखाली फिरणाऱ्या चाकावर काच हळूहळू रेघेपर्यंत आणली. दर काही सेकंदांनी ते काच उचलत, पुसत, फ्रेमला लावून पाहत. “घासली की गेली बघा, परत येत नाही,” एवढेच मध्ये एकदा म्हणाले. शेवटी कडेला फ्रेमच्या खाचेत बसणारी धार दिली. यात एक फायदा मला अनपेक्षित होता. उणे नंबराची काच मध्ये पातळ आणि कडेला जाड असते. कानाकडचे तीन मिलिमीटर गेल्यामुळे माझ्या काचेची सर्वांत जाड कड सुमारे पाऊण मिलिमीटरने पातळ झाली. चष्मा पूर्वीपेक्षा हलका लागतो, हे मला पहिल्याच दिवशी नाकावर जाणवले.

फ्रेमला काच बसवताना शेलची कड तापवावी लागते. ती त्यांनी काच बाजूला ठेवून तापवली. चकाकी घालवणारा लेप असलेल्या काचेला फार उष्णता लागली की त्या लेपात कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा पडतात आणि त्या कशानेही जात नाहीत. ज्यांना घरी फ्रेम गरम पाण्यात बुडवून काच बदलायची हौस आहे, त्यांना मी हे कळकळीने सांगते.

उरल्या त्या साडेपाचाच्या काचा, ज्यांपैकी डावी आधीच चुकीची कापली गेली होती. त्या मी टाकून देणार होते. त्याआधी मात्र डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन तपासणी करून घेतली, कारण जुनी काच कुठलीही असो, आजचा नंबर माहीत असल्याशिवाय तिला हात लावण्यात अर्थ नसतो. साडेसहा कायम होता, सिलिंडर आणि अक्षही तेच होते. माझे वय आता ४३ आहे, आणि चाळिशीने माझ्याही दारात पाऊल ठेवले होते: संध्याकाळपर्यंत जवळचे पाहून डोळे ताणल्यासारखे होत. डॉक्टर म्हणाल्या की बसून करायच्या कामासाठी एक नंबर कमी असलेला वेगळा चष्मा ठेवा. साडेसहातून एक वजा केला की साडेपाच! मी कपाटात ठेवून दिलेली, नंबर वाढला म्हणून बाद झालेली काचच माझ्या टेबलासाठी नेमकी होती. या काचेतून मला एक मीटरपर्यंत स्पष्ट दिसते. संगणकाचा पडदा ६० सेंटिमीटरवर आणि कागद ४० सेंटिमीटरवर असतो, आणि दोन्ही ठिकाणी डोळ्यांचे ओझे एका नंबराने कमी होते. हे समजल्यावर मला झालेला आनंद मी शब्दांत सांगू शकणार नाही.

प्रश्न होता डाव्या काचेचा. ती फिरलेली आणि खाली सरकलेली, आणि काच वाढवता तर येत नाही. काकांनी फ्रेमच्या खोक्यांतून ४४ आणि २० आकड्यांची एक लंबगोल फ्रेम काढली, फक्त २६ मिलिमीटर उंच. चौकोनी काचेतून तिरका चौकोन काढायला गेलो की कोपरे कमी पडतात. लंबगोल मात्र दहा अंश फिरवून आणि दोन मिलिमीटर खाली सरकवूनही ४८ बाय ३२ च्या त्या काचेत मावतो. काकांनी कागदावर काढून दाखवले तेव्हा कडेला कुठे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर उरत होता. काच निघाली. जवळचे पाहताना बुबुळे थोडी आत वळतात, म्हणून त्यांनी दोन मध्यांतले अंतर ६० ऐवजी ५८ धरले. ही फ्रेम माझ्या तोंडाला लहान दिसते, पण ती टेबलापाशीच असते आणि ओत्तक्षरे आता एकेक सुटी दिसतात.

सगळ्याच काचांचे असे होत नाही. मला गांधीजींसारखी गोल फ्रेम फार दिवसांपासून हवी होती. ४६ रुंदीची पाहिलीही होती आणि रुंदी बसते म्हणून मी हरखले होते. गोल फ्रेम जितकी रुंद तितकीच जवळजवळ उंच असते आणि माझी काच कापण्याआधीही ३६च उंच, तेव्हा तो बेत तिथेच संपला. बहिणीच्या रिमलेस, म्हणजे काचेभोवती कड नसलेल्या, चष्म्याच्या काचांना भोके आहेत. ती भोके कापून काढायची तर काच बरीच लहान करावी लागेल. सुप्रा फ्रेमच्या काचेला कडेने चर असतो, तो आधी घासून घालवावा लागतो, एवढे लक्षात ठेवले की ती पूर्ण फ्रेममध्ये जाते.

आईच्या प्रोग्रेसिव्ह काचांसाठी मी खूप खटपट केली आणि शेवटी नाद सोडला. त्या काचेत वर लांबचा, खाली वाचनाचा आणि मध्ये हळूहळू बदलत जाणारा नंबर असतो. उजेडासमोर तिरकी धरली की काचेवर ३४ मिलिमीटर अंतरावर दोन पुसट खुणा दिसतात, आणि त्यांच्या आधारे बुबुळासमोर नेमका कोणता बिंदू यायला हवा हे ठरते. आईला आवडलेली नवी फ्रेम कमी उंचीची होती. बिंदू बुबुळासमोर आणला की वाचनाचा भाग खालून कापला जात होता, आणि वाचनाचा भाग वाचवला की लांबचे पाहायला तिला हनुवटी खाली ओढावी लागली असती. हनुवटी ओढून चालणारी सत्तरीतली बाई पायरीवर पडते. नवीन काचा केल्या.

याउलट निपाणीच्या आत्याचे काम पाच मिनिटांत झाले. आत्या अजूनही घरी विड्या वळते आणि तिला जवळचे, फक्त अधिक दोनचे भिंग लागते, सिलिंडर नाही. कै. मामांच्या चाळिशीच्या काचा नेमक्या त्याच नंबराच्या होत्या. तिच्या फ्रेममध्ये बसवताना मध्य तीन मिलिमीटर इकडे-तिकडे झाला तरी लोलक ०.६ च होतो, आणि तोही आडव्या दिशेत. तरीही मी उंची दोन्हीकडे सारखी राहील हे पट्टीने मोजून घेतले. माझ्या साडेसहाच्या काचेत तेवढीच चूक झाली असती तर दर डोळ्याला जवळजवळ दोन झाली असती.

आता कपाटातल्या प्रत्येक चष्म्याच्या डबीत मी एक चिठ्ठी ठेवली आहे: कोणाचा, कोणत्या वर्षाचा, नंबर, अक्ष, काचेची रुंदी आणि उंची, नाकाकडच्या कडेपासून मध्य किती. साडेसहाच्या काचांच्या चिठ्ठीवर आता ४८, ३२ आणि २१ असे आकडे आहेत. ही फ्रेम कधी मोडली, तर पुढची ४६ आणि २० ची शोधावी लागेल. नाकाकडे २० हवेत, कानाकडे २६, म्हणजे दोन्हीकडून एकेक मिलिमीटर.